शहराची वीज कंपनी : आधी तारांचा हिशेब

संपादक महाशय,

राज्यातल्या मोठ्या शहरांसाठी समांतर वीज वितरण परवाना, म्हणजे एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वीज वितरणाची परवानगी, द्यावा की नाही, हा वाद २०२२ पासून धुमसतो आहे. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी संप केला तोही याच मुद्द्यावर. या वादात एक सूचना वारंवार ऐकू येते. खासगी कंपनीच कशाला? मुंबईत बेस्ट आहे तशी आपल्या महापालिकेचीच वीज कंपनी का नको? सूचना टाकाऊ नाही. वितरणाच्या कामात अनेक वर्षे घालवलेल्या आम्हा काही जणांना ती मनापासून विचार करण्यासारखी वाटते. म्हणूनच ती ठरावाच्या भाषणात विरून जाऊ नये, यासाठी हे थोडे लांबलेले पत्र.

आमचे म्हणणे आधीच सांगतो. शहराने वितरणात उतरायला हरकत नाही, पण जुन्या तारांच्या शेजारी दुसऱ्या तारा टाकून मुळीच उतरू नये. आणि जुन्याच तारा ताब्यात घ्यायच्या असतील, तर त्यांची किंमत, त्या बाकीच्या जाळ्यापासून तोडण्याचा खर्च आणि मागे राहणाऱ्या वीजखरेदी करारांचे ओझे मोजल्याशिवाय एकही ठराव करू नये.

‘आपली कंपनी आली की वीज स्वस्त होईल’ हे वाक्य ज्यांना पटते, त्यांनी घरचे बिल समोर घ्यावे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर राज्य सरकारचे वीज शुल्क अशा ओळी असतात. घरगुती ग्राहकाला हे शुल्क १६ टक्के आहे आणि कंपनी कोणाचीही असली तरी ते जाणारच. वीज आकाराचा मोठा भाग वीज विकत घेण्यात आणि ती शहराच्या वेशीपर्यंत आणण्यात जातो. वितरण कंपनीच्या एकूण खर्चात वीजखरेदी आणि पारेषण मिळून ढोबळमानाने तीन-चतुर्थांश धरावे लागते. शहराच्या हातात येते ते उरलेले. तारा, रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर), माणसे, मीटर, बिलिंग आणि कर्जावरचे व्याज. तिथे कितीही काटकसर केली तरी बिल निम्म्यावर येणार नाही. शहराच्या मालकीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. कोणता रस्ता कधी खोदायचा, कुठल्या पेठेतली केबल आधी बदलायची, पावसाळ्याआधी कोणते काम उरकायचे हे निर्णय शहरातच होतील. हा फायदा आम्ही मोठा मानतो, पण दर कमी करण्याच्या आश्वासनात तो मिसळू नये.

आता कायदा. वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार एकाच क्षेत्रात दोन किंवा अधिक परवानाधारक असू शकतात, आणि आधीचा परवानाधारक आहे एवढ्या कारणावरून नव्या अर्जदाराला नकार देता येत नाही. मात्र त्याच कलमात एक अट आहे, जी सभांमध्ये कोणी वाचून दाखवत नाही : वितरण ‘स्वतःच्या वितरण यंत्रणेतून’ करायचे आहे. म्हणजे स्वतःची उपकेंद्रे, स्वतःच्या केबल, स्वतःची रोहित्रे. केंद्राच्या २००५ च्या नियमांनुसार जाळ्याला किती भांडवल लागेल हे वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्याच्या ३० टक्के इतके स्वभांडवल उभे करण्याची ऐपत अर्जदाराला दाखवावी लागते. ज्या पालिकेला ठेकेदारांची बिले वेळेवर देता येत नाहीत, तिने हा आकडा आधी मांडून पाहावा.

बेस्टचे उदाहरण देणाऱ्यांच्या नजरेतून याहून महत्त्वाची एक गोष्ट सुटते. मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम ताब्यात घेतला, तो १९०५ च्या मूळ करारातच ठरावीक मुदतीनंतर विकत घेण्याचा हक्क लिहिलेला होता म्हणून. पुढे १९१० च्या वीज कायद्यातही परवान्याची मुदत संपल्यावर उपक्रम विकत घेण्याची तरतूद होती. २००३ च्या कायद्यात असा हक्क महापालिकेला नाही. परवाना रद्द झाला तर विक्रीची तरतूद आहे, पण सुरळीत चाललेल्या परवानाधारकाच्या तारा ‘आम्हाला हव्यात’ म्हणून घेता येत नाहीत. शिवाय कलम ४२ मध्ये मुक्त प्रवेशातून, म्हणजे मोठ्या ग्राहकांना दुसऱ्याची वीज घेता यावी म्हणून आपल्या तारा खुल्या ठेवण्याच्या बंधनातून, सूट आहे ती कायदा लागू होण्यापूर्वीच वितरण करत असलेल्या स्थानिक संस्थांना. बेस्ट त्यात बसते, आज जन्मणारी पालिका कंपनी बसणार नाही. तिचे मोठे ग्राहक पहिल्या दिवसापासून दुसरीकडून वीज घ्यायला मोकळे असतील. बेस्टसारखी कंपनी काढू म्हणणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

हा प्रश्न पुरता खणून काढलेले शहर पाहायचे तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातले बोल्डर पाहावे. लोकसंख्या सुमारे एक लाख, विद्यापीठाचे गाव, नागरिक जागरूक आणि पालिका बऱ्यापैकी श्रीमंत. तिथल्या एक्सेल एनर्जी या खासगी कंपनीशी असलेला वीस वर्षांचा करार २०१० च्या अखेरीस संपला. कंपनीची वीज मुख्यतः कोळशाची होती आणि शहराला ती नको होती. नोव्हेंबर २०११ मध्ये मतदारांनी अगदी थोड्या फरकाने स्वतःच्या वीज संस्थेला परवानगी दिली. ती आंधळेपणाने दिली नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ताबा घेताना दर आधीच्या कंपनीपेक्षा जास्त नसावेत, पुरवठ्याची खात्री तितकीच असावी, कर्जफेडीसाठी लागणाऱ्या रकमेच्या किमान सव्वापट उत्पन्न असावे, अपारंपरिक वीज वाढवण्याचा आराखडा असावा, आणि हे सगळे बाहेरच्या तज्ज्ञाने तपासावे, अशा अटी त्या परवानगीतच लिहिल्या होत्या. २०१३ मध्ये मतदारांनी आणखी एक कुंपण घातले. तारा विकत घेणे आणि कंपनीची नुकसानभरपाई मिळून २१.४ कोटी डॉलरच्या वर जायचे नाही.

एवढी तयारी असूनही घोडे अडले, ते तारा कुठे कापायच्या या प्रश्नावर. शहराने २०१४ मध्ये सक्तीच्या संपादनाचा दावा लावला. २०१५ च्या सुरुवातीला न्यायालयाने तो फेटाळला, कारण आधी राज्याच्या नियामक आयोगाकडून कोणत्या मालमत्ता वेगळ्या होऊ शकतात हे ठरवून आणायला हवे होते. कंपनीच्या वाहिन्या शहराच्या हद्दीवर थांबत नव्हत्या. एकाच उपकेंद्रातून शहर आणि बाहेरची वस्ती दोन्ही चालत. शहराने काही बाहेरचे ग्राहक घ्यायचे म्हटले, तर त्यांनी आपल्या पालिकेला मतच दिलेले नसते. घ्यायचे नाही म्हटले, तर त्यांच्यासाठी वेगळी वाहिनी टाकण्याचा खर्च कोणाचा? सप्टेंबर २०१७ मध्ये आयोगाने उपकेंद्रांच्या बाहेरच्या ठरावीक मालमत्ता देता येतील असे सांगितले, तेही अटींसह. उपकेंद्रांच्या आतले काहीच नाही. मग पुन्हा करार, पुन्हा याद्या, पुन्हा दावे. अखेर नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी त्याच कंपनीशी नव्या वीस वर्षांच्या कराराला मान्यता दिली, मध्येच बाहेर पडण्याच्या अटी राखून. दहा वर्षे आणि दोन कोटी डॉलरहून अधिक रक्कम वकील, अभियंते आणि सल्लागारांवर गेली. शहराच्या मालकीची एक मीटर तारही आली नाही.

बोल्डरचे लोक चुकले असे आम्ही म्हणणार नाही. दहा वर्षे शहर दारात उभे होते, हे कंपनीला धोरण बदलताना विसरता आले नसणार. पण त्याच देशात फ्लोरिडातल्या विंटर पार्क या छोट्या गावाला तेच काम जमले. त्याच्या जुन्या करारात मुदतीनंतर विकत घेण्याचे कलम होते. २००३ मध्ये मतदान झाले, किंमत लवादाने ठरवली, सुमारे ४.२ कोटी डॉलर, आणि १ जून २००५ पासून गावाची वीज गावाची झाली. दोन गावांच्या निष्ठेत फरक नव्हता. एकाच्या करारात एक कलम होते आणि दुसऱ्याला ते न्यायालयात शोधावे लागले.

‘तारा कापणे’ म्हणजे काय, हे आपल्याकडच्या रस्त्यावर उतरून सांगतो, कारण सगळा खर्च आणि सगळा धोका तिथेच आहे.

२२ केव्हीची, म्हणजे २२,००० व्होल्टची, एक वाहिनी घ्या. ती अतिउच्चदाब उपकेंद्रातून निघते, जमिनीखालून शहरात शिरते, वाटेत रिंग मेन युनिट या स्विचच्या पेटीतून एकेका रोहित्राला वीज देत जाते. शेवटची तीन-चार रोहित्रे हद्दीबाहेरच्या गावठाणात असतात. अगदी टोकाला एक स्विच नेहमी उघडा ठेवलेला असतो. त्याच्या पलीकडे दुसऱ्या उपकेंद्राची वाहिनी येऊन थांबते. आपली वाहिनी बंद पडली की दोष असलेला तुकडा दोन्ही बाजूंनी वेगळा करायचा, तो उघडा स्विच बंद करायचा आणि पलीकडून वीज घ्यायची. शहरात केबलचा दोष सापडायला आठ तास लागले तरी दिवे पाऊण तासात येतात ते या स्विचमुळे.

आता ही वाहिनी दोन मालकांत वाटायची आहे. हद्दीवर मीटरिंग क्युबिकल, म्हणजे वीज मोजण्याची पेटी, बसवावे लागेल. त्यात सीटी, पीटी (प्रवाह आणि दाब मोजण्याजोगे लहान करणारी उपकरणे) आणि ०.२ एस या अचूक वर्गाचे मीटर हवे, कारण तिथली अर्ध्या टक्क्याची चूक वर्षाकाठी मोठ्या रकमेची होते. पलीकडच्या गावठाणासाठी नवी वाहिनी टाकावी लागेल किंवा त्यांना आपल्या तारांतून वीज वाहून द्यावी लागेल. टोकाचा स्विच दुसऱ्या मालकाच्या वाहिनीवर उघडत असेल, तर आणीबाणीत घेतलेल्या वीजेचे बिल कोणत्या दराने, हे आधी लिहून ठेवावे लागेल. दोष ओळखून ब्रेकरला (वीज तोडणाऱ्या स्विचला) पाडणाऱ्या संरक्षणाच्या रिलेची जुळणी नव्याने करावी लागेल. खालचा ब्रेकर वरच्यापेक्षा साधारण ०.३ सेकंद आधी पडला पाहिजे. ही साखळी दोन कार्यालयांत वाटली गेली आणि एकाने न सांगता सेटिंग बदलले, की एका सोसायटीतल्या बिघाडाने आख्खे उपकेंद्र बसते.

यातला शेवटचा धोका जिवाचा आहे. लाइनमन कामाला हात लावतो तो ‘लाइन क्लिअर’, म्हणजे काम करण्याचा परवाना, मिळाल्यावर. दोन्ही बाजूंचे स्विच उघडायचे, कुलूप लावायचे, पाटी अडकवायची, तार मृत आहे हे तपासायचे, डिस्चार्ज रॉडने अर्थिंग करायचे, म्हणजे तार जमिनीला जोडायची, आणि मगच चढायचे किंवा केबल उघडायची. एका संस्थेत हा परवाना एकाच नियंत्रण कक्षातून मिळतो. दोन संस्था झाल्या की पलीकडचा स्विच पलीकडच्या माणसाच्या हातात असतो. मध्यरात्री त्याच्याकडे ग्राहकांचे फोन वाजत असतात, आपली वाहिनी सुरू करायची घाई असते, आणि एका चुकीच्या स्विचने मृत समजलेल्या तारेत उलट बाजूने वीज येते. ज्या आराखड्यात दोन नियंत्रण कक्षांमधला परवाना कसा द्यायचा, कोणाचे कुलूप शेवटी निघेल, फोनवरचा निरोप कुठे नोंदला जाईल हे लिहिलेले नाही, तो आराखडा कितीही देखणा असला तरी नामंजूर करावा. इथे आम्ही तडजोड मानत नाही.

हे सगळे टाळायचे म्हणून समांतर जाळे टाकावे, असे काहींना वाटते. त्यांनी ४०० सदनिकांची एक गल्ली डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येकीचा मंजूर भार ५ किलोवॅट धरला तर कागदावर २,००० किलोवॅट होतात. पण सगळे एकाच वेळी सगळे चालवत नाहीत, म्हणून संध्याकाळचा प्रत्यक्ष भार ६०० ते ८०० किलोवॅटच्या आसपास राहतो आणि ६३० केव्हीएची दोन रोहित्रे पुरतात. दुसरी कंपनी आली की तिलाही त्याच गल्लीत तेवढीच तयारी ठेवावी लागेल, कारण कलम ४३ प्रमाणे मागेल त्याला वीज देणे तिच्यावर बंधनकारक आहे. चार रोहित्रे, प्रत्येक निम्म्या भारावर. अशा एका रोहित्राच्या गाभ्यात भार नसतानाही सुमारे एक किलोवॅट वीज सतत जळते, म्हणजे वर्षाला जवळपास ८,७०० युनिट. रोहित्र, रिंग मेन युनिट आणि लघुदाब पॅनेल बसायला दोन मोटारी उभ्या राहतील एवढी जागा लागते. जुन्या पेठेत ती आणायची कुठून? केबल ११ केव्हीची असेल तर ०.९ मीटर खोल, २२ किंवा ३३ केव्हीची असेल तर १.०५ मीटर खोल टाकावी, असे भारतीय मानक सांगते. खाली-वर वाळू, वर विटांचा थर. त्या खोलीवर आपल्याकडे आधीच जुनी केबल, पाण्याची वाहिनी, गॅस, इंटरनेट आणि कोणालाच ठाऊक नसलेली आणखी एखादी नळी असते. दोष पडतात ते बहुधा सांध्यावर. पावसात घाईने केलेला सांधा, आत राहिलेला ओलावा, किंवा जेसीबीचा दात लागून सोललेले आवरण. ते आवरण खोदताना फुटत नाही, पुढच्या जुलैत फुटते. दुसरे जाळे म्हणजे दुप्पट सांधे आणि दुप्पट खोदाई. आणि या सगळ्याचा खर्च शेवटी त्याच ४०० घरांच्या बिलात.

रस्ता खोदाईवरून एक गोष्ट. आज वीज कंपनी केबल टाकते तेव्हा पालिका रस्ता दुरुस्तीचे शुल्क आकारते, आणि त्या शुल्कावरून कामे रखडतात हे प्रत्येक शहराला माहीत आहे. कंपनी पालिकेची झाली तर हे भांडण मिटेल, हे खरे. पण ते मिटवायला कंपनी काढावी लागत नाही. पालिकेच्या पथ विभागाने आणि वीज कंपनीने वर्षाचे खोदाई वेळापत्रक फेब्रुवारीतच एकत्र बसून ठरवले तरी बरेच साधेल.

समांतर परवान्याचा अनुभव मुंबईच्या उपनगरांनी घेतलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर टाटा पॉवरला तिथे किरकोळ ग्राहक घेण्याची वाट मोकळी झाली, आणि २००९ पासून ग्राहक आधीच्या कंपनीच्या तारांवरूनच पुरवठादार बदलू लागले. कोणते ग्राहक आधी जातात? ज्यांचा वापर जास्त आणि ज्यांच्या दरात इतरांचा भार सोसलेला असतो ते. लहान ग्राहक मागे उरतात आणि त्यांच्या अंगावर भार येतो. ऑगस्ट २०१२ मध्ये नियामक आयोगाला हस्तक्षेप करून बदली काही काळ महिना ३०० युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती मर्यादित ठेवावी लागली आणि ठरावीक भागांत स्वतःचे जाळे टाकण्याचे आदेश द्यावे लागले. पालिकेची कंपनी लोकांसाठी काढायची असेल, तर ती ‘चांगले ग्राहक’ निवडून घेणारी कंपनी होणार नाही याची हमी पहिल्याच पानावर हवी.

वीजखरेदीकडे वळतो. इथे बोल्डरचा धडा आपल्याला थेट लागू आहे. तिथल्या कंपनीने म्हटले, तुमच्या शहरासाठी आम्ही वीजनिर्मितीची तयारी केली, तुम्ही गेलात तर ती पडून राहील, तिची भरपाई द्या. आपल्याकडे महावितरणचे दीर्घ मुदतीचे वीजखरेदी करार आहेत. त्यात वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यावाच लागतो. शिवाय राज्यात शहरांतले व्यापारी आणि औद्योगिक ग्राहक जास्त दर देतात आणि त्यातून शेतीपंपांचा दर खाली राहतो. एखादे मोठे शहर बाहेर पडले तर तो फरक कोण भरणार? कायद्यात क्रॉस सबसिडी अधिभार (स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार भरून काढण्यासाठी) आणि अतिरिक्त अधिभार (पडून राहिलेल्या करारांच्या खर्चासाठी) यांची तरतूद याच प्रश्नासाठी आहे. मोठे ग्राहक मुक्त प्रवेशाने बाहेर जातात तेव्हा हे अधिभार भरतात. आख्खे शहर वेगळ्या परवान्याखाली गेले तर हा भार कसा वाटायचा, हा प्रश्न आयोगापुढे येणारच. पालिकेच्या ताळेबंदात हा स्तंभ रिकामा असेल, तर तो ताळेबंद नव्हे. आणि शहरातल्या माणसाने हेही मनात धरावे की आपल्या सुटकेचा बोजा विदर्भ-मराठवाड्यातल्या पंपावर जाणार असेल, तर त्याची चर्चा उघडपणे व्हायला हवी.

वीज विकत घ्यायची म्हणजे रोजचा हिशेब असतो. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पडतात. प्रत्येक भागात किती वीज लागेल ते आदल्या दिवशी ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला कळवायचे, आणि चुकले तर विचलनाचा आकार भरायचा. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की शहराचा भार तासाभरात कोसळतो. विकत घेतलेली वीज मात्र उरतेच. मोठ्या राज्यव्यापी कंपनीत एका जिल्ह्यातली चूक दुसऱ्यात भरून निघते, एका शहराच्या कंपनीत निघत नाही. त्यासाठी चोवीस तास बसणारी माणसे लागतात. त्याशिवाय अपारंपरिक वीजखरेदीचे बंधन आहे, जे २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्क्यांवर जाते.

पैशांचा वेगही पाहा. समजा शहराला महिना १० कोटी युनिट लागतात आणि खरेदी सरासरी ६ रुपयांनी पडते. म्हणजे महिना ६० कोटी. वीज बाजारातून घेतलेल्या विजेचे पैसे जवळजवळ लगेच मोजावे लागतात. ग्राहकाकडून मात्र महिनाभराचा वापर, रीडिंग, बिल आणि भरण्याची मुदत धरून सरासरी चाळीस दिवसांनी येतात. ८० कोटी रुपये कायम या फटीत अडकलेले राहतील, आणि हे सगळे ग्राहक वेळेवर भरतात असे धरून. ग्राहकांनी भरलेली सुरक्षा ठेव या कामी येते, पण ती आज जुन्या कंपनीकडे आहे. हस्तांतरणात ती पूर्ण, व्याजासह मिळाली नाही तर प्रत्येक घराकडून नवी ठेव मागावी लागेल. वीजखरेदीची बिले थकली की काय होते, हे श्रीरामपूर भागाने पाहिले आहे. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही ग्राहकांच्याच मालकीची होती, हेतू चांगला होता. खरेदीची थकबाकी डोंगराएवढी झाली, ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपली आणि वितरण महावितरणकडे गेले.

‘भिवंडीत बघा, गळती कशी खाली आणली’ असे उदाहरण दिले जाते. २६ जानेवारी २००७ पासून तिथे फ्रँचायझी, म्हणजे महावितरणच्या वतीने वितरण चालवणारी खासगी कंपनी, आहे, आणि आधीची गळती निम्म्याहून अधिक होती. तिथे सुधारणेतून पैसा निघाला, कारण आधी तो वाहून जात होता. ज्या शहरात आजच गळती कमी आहे तिथे ही विहीर कोरडी आहे. औरंगाबाद आणि जळगावच्या फ्रँचायझी मुदतीआधी संपल्या, नागपूरची सप्टेंबर २०१९ मध्ये परत आली, हेही त्याच यादीत लिहावे.

बेस्टबद्दल आम्हाला आदर आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत दाट वस्ती, जमिनीखालचे जाळे, पिढ्यानपिढ्या तयार झालेले कुशल कामगार. त्यातून येणारा भरवशाचा पुरवठा ही सार्वजनिक मालकीची मोठी कमाई आहे. पण बेस्ट वीज विकतच घेते, आणि १२ ऑक्टोबर २०२० रोजी पारेषण वाहिन्या पडल्या तेव्हा तिच्या ग्राहकांकडेही अंधार झाला. बसची तूट भरून काढण्याचा वेगळा आकार काही वर्षे तिच्या वीज ग्राहकांच्या बिलात होता. बस चालली पाहिजे, तिला पालिकेने पैसे दिलेच पाहिजेत, पण ते अर्थसंकल्पातून. वीज कंपनीचा गल्ला दिसला की पालिकेचा हात त्यात जाणार, म्हणून वेगळे खाते, वेगळे लेखापरीक्षण आणि इतर कामांसाठी रक्कम वळवण्यास स्पष्ट बंदी ही कलमे स्थापनेच्या ठरावातच हवीत. नंतर ती कोणी घालत नाही.

मग शहराने हातावर हात धरून बसावे का? नाही. तीन कामे परवान्याशिवाय आजच करता येतात. पाणी उपसा केंद्रे, मैलाशुद्धीकरण आणि पथदिवे मिळून पालिका स्वतःच बडी ग्राहक असते. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी त्यासाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली आहे. त्यातून पालिकेने आपल्या पंपांसाठी सौर किंवा पवन वीज थेट घ्यावी. वीजखरेदी, वेळापत्रक, विचलन हे सगळे ती आपल्याच भारावर शिकेल, चूक झाली तर भुर्दंड छोटा असेल. दुसरे, शहरातल्या प्रत्येक वाहिनीची आणि रोहित्राची यादी करावी. केबल कोणत्या वर्षी टाकली, सांधे किती, कोणत्या ग्राहकाचा मीटर कोणत्या रोहित्रावर, वर्षभरात वाहिनी किती वेळा आणि किती मिनिटे बंद होती. ग्राहक-रोहित्र जुळणी चुकीची असेल तर गळतीचा प्रत्येक आकडा चुकीचा निघतो. १०० युनिट आत आले, ८८ चे बिल झाले आणि त्यातले ९५ टक्के पैसे आले तर एकूण तूट १६.४ टक्के. पण शेजारच्या रोहित्राचे मीटर या यादीत घुसले किंवा इथले तिकडे गेले तर तीच तूट ८ किंवा २५ दिसेल. किंमत ठरवताना भांडण याच याद्यांवर होते. बोल्डरची वर्षे यातच गेली. तिसरे, राज्य सरकारशी बोलून हस्तांतरणाचा कायदेशीर रस्ता आहे का हे लेखी विचारावे. तो नसेल तर कायद्यात दुरुस्ती मागावी, कारण समांतर तारांपेक्षा ती मागणी कितीतरी शहाणपणाची आहे.

वाचकांसाठी शेवटची माहिती. परवान्याचा अर्ज खासगी कंपनीचा असो वा पालिकेचा, कलम १५ नुसार अर्जदाराला सात दिवसांत जाहीर सूचना द्यावी लागते आणि सूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आलेल्या हरकतींचाच विचार होतो. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरात येते. ती दिसली की अर्जाची प्रत मागवा आणि हरकतीत हे विचारा : वाहिनीनिहाय भार किती, हद्दीवर किती ठिकाणी तारा कापाव्या लागतील आणि प्रत्येक ठिकाणचा खर्च किती, पहिल्या पाच वर्षांची वीज कोणत्या करारातून, जुन्या करारांची भरपाई किती धरली, आमच्या सुरक्षा ठेवीचे काय, आणि दोन नियंत्रण कक्षांमध्ये लाइन क्लिअर कोण देणार. हरकत मराठीत, साध्या कागदावर, मुदतीच्या आत पोहोचेल अशी पाठवावी, आणि पोच जपून ठेवावी.

आपले,
वीज वितरणात काम केलेले काही निवृत्त अभियंते व तंत्रज्ञ